सव्विसावा कार्डिनल

"तो आजारी होता," हॅना म्हणाली.

"आणि पाचव्या दिवशी बरा झाला?"

"हो. उठला, मत दिलं आणि त्या एका मताने नवा पोप ठरला. माझा अख्खा चॅप्टर त्याच्यावर उभा आहे."

मी स्क्रीनवरचे आकडे पुन्हा पाहिले. मला ते काही केल्या जुळेनात.

मी स्टेट कॉलेज नावाच्या गावात युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत डेटाबेसचं काम करते. त्याआधी टेक्ससमध्ये एका इन्शुरन्स कंपनीत अठरा वर्षं डुप्लिकेट शोधले. डुप्लिकेट म्हणजे एकच माणूस दोन नावांनी दोनदा नोंदला जाणं. बायकांची आडनावं लग्नानंतर बदलतात, त्यामुळे हे सतत होतं. माझ्याही दोन फाइल निघाल्या होत्या, एक सुनीता देव आणि एक सुनीता कुलकर्णी. इतिहासाशी माझा संबंध दहावीत संपला होता. पण हॅनाच्या पीएचडीसाठी टेबल बनवून द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मी सोळाव्या शतकातल्या रोममध्ये जाऊन पडले.

विषय होता पोपची निवडणूक. जुना पोप वारला की कार्डिनल, म्हणजे चर्चमधले सगळ्यात वरचे धर्मगुरू, एकत्र कोंडले जायचे. बाहेरून कुलूप. दोन तृतीयांश मतं एकाला पडेपर्यंत सुटका नाही. आत सरळसरळ गटबाजी चालायची. पोपला बायकामुलं नसत, म्हणून तो आपल्या nephewला कार्डिनल करून ठेवायचा. पोप गेला की त्याने नेमलेल्या सगळ्यांचा गट हा nephew चालवायचा. हॅना हे सांगत होती तेव्हा मला आमच्याकडच्या जिल्हा परिषदेची आठवण येत होती. मला मजा वाटायला लागली. कॅम्पसच्या बसमध्येही मी तिच्या नोट्स वाचायचे.

हॅनाच्या यादीत एकोणचाळीस कार्डिनल होते. nephewच्या गटात तेरा, विरोधात सव्वीस. एकोणचाळीसची दोन तृतीयांश म्हणजे सव्वीसच. मग विरोधक पहिल्याच दिवशी का जिंकले नाहीत? चार दिवस त्यांच्या उमेदवाराला पंचवीसच मतं पडत होती. हॅनाचं उत्तर होतं, सव्विसावा आजारी होता.

"पहिले चार दिवस पंचवीस आणि तेरा. एकूण अडतीस. म्हणजे एक जण कमी, ठीक आहे," मी म्हणाले. "पाचव्या दिवशी सव्वीस आणि बारा. हेही अडतीसच. हा उठला त्याच दिवशी समोरच्या गटातला एक जण आडवा पडला का?"

"शक्य आहे. म्हातारी माणसं होती."

"आजारी माणसाचं मत घेत नसत?"

हॅना हळूच म्हणाली, "घेत असत. पेटी घेऊन त्याच्या बिछान्यापाशी जायचे."

तिचा चेहरा उतरला. डिफेन्स, म्हणजे थीसिसची तोंडी परीक्षा, तीन आठवड्यांवर होती. ओहायोतल्या एका कॉलेजने तिला नोकरी दिली होती, तीही डिफेन्स पास होण्याच्या अटीवर.

दुसऱ्या दिवशी तिच्या गाइडने, प्रोफेसर लॉरा यांनी, मला बोलावलं.

"तुमचं काम टेबल नीट ठेवण्याचं आहे. अर्थ आम्ही लावतो."

"टेबलच नीट नाहीये," मी म्हणाले. "मतं अडतीस आणि माणसं एकोणचाळीस. माझ्या मते एक माणूस दोनदा आलाय."

"तुमच्या प्रोग्रॅमने तपासलं नाही?"

"तपासलं. पण जोव्हान्नी नावाचे सहा जण आहेत आणि सगळ्यांची आडनावं वेगळी. प्रोग्रॅम तिथेच थांबतो."

"एक आठवडा देते," त्या म्हणाल्या.

मी आणि हॅना सहाही जोव्हान्नी घेऊन बसलो. तिने दोन कागदांवरून यादी केली होती. एक nephewच्या गटाने स्वतः केलेली यादी, दुसरं एका परदेशी राजदूताचं पत्र. गटाच्या यादीत एक जोव्हान्नी वारलेल्या पोपच्या आडनावाचा होता. शेजारी लिहिलं होतं, पोपचा धाकटा nephew.

मी विचारलं, "हा पुतण्या की भाचा?"

"म्हणजे?"

"भावाचा मुलगा की बहिणीचा?"

"इटालियनमध्ये दोघांना एकच शब्द आहे. इंग्लिशसारखाच. पण आडनाव पोपचं आहे, म्हणजे भावाचाच असणार."

बोलता बोलता ती थांबली. खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. "ओ नो," म्हणाली. "बहिणीची मुलंसुद्धा पोप झालेल्या मामाचं आडनाव घ्यायची. हे मला माहीत आहे. मी हे क्लासमध्ये शिकवते!"

आमच्या टेबलमध्ये वडिलांच्या नावाचा कॉलम होता, आईच्या नावाचा नव्हता. तो मीच बनवला होता. मी तिथल्या तिथे कॉलम वाढवला आणि हॅना जुन्या पत्रांचे फोटो उघडून आया शोधायला लागली. चौथ्या दिवशी सापडली. पोपच्या बहिणीने मोठ्या पुतण्याला, म्हणजे गट चालवणाऱ्यालाच, पत्र लिहिलं होतं. तिची तक्रार होती की माझ्या मुलाने बापाचं नाव सोडून तुमचं घेतलं, तरी त्याला तुम्ही पंगतीत मागेच बसवता. पत्रात त्या मुलाच्या बापाचं आडनाव होतं. परदेशी राजदूताने शेवटचं मत देणाऱ्याचं जे आडनाव लिहिलं होतं, तेच.

म्हणजे आजारी कोणीच नव्हता. हे दोन जोव्हान्नी एकच होते आणि माणसं अडतीसच होती. अडतीसची दोन तृतीयांश पंचविसाच्या थोडी वर जाते, म्हणून सव्वीस लागत होते आणि विरोधकांना एक मत कमी पडत होतं. ते मत nephewच्या घरातूनच गेलं. त्याच्या सख्ख्या आतेभावाने दिलं.

मला आनंदाने टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हॅना रडत होती.

"तीन आठवडे थांबला असतात तर माझा डिफेन्स होऊन गेला असता," ती म्हणाली.

ती निघून गेली आणि दहा दिवस माझ्या ईमेललाही तिने उत्तर दिलं नाही. इन्शुरन्समध्ये डुप्लिकेट काढला की कोणाचं आयुष्य अडत नसे. इथे अडलं होतं.

प्रोफेसर लॉरांनी डिफेन्स एक सेमिस्टर पुढे ढकलला. ओहायोच्या कॉलेजला फोनही त्यांनीच केला. कॉलेज थांबलं, पण हॅनाला कायमच्या जागेऐवजी एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. तिने तो चॅप्टर पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला, या वेळी त्या आतेभावावर आणि त्याच्या आईवर. डिफेन्सला मी मागच्या रांगेत बसले होते. कमिटीतल्या एकाने विचारलं, हे लक्षात कसं आलं? हॅनाने वळून माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्या भाषेत nephewसाठी दोन शब्द आहेत," ती म्हणाली.

ती पास झाली. कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या वर्षीही वाढलं, कायमची जागा अजून मिळालेली नाही.

मी शिकले ते एवढंच. मतं आणि माणसं जुळत नसतील तर आजारी कोण ते शोधण्याआधी माणसं पुन्हा मोजावीत. आणि हे काम डिफेन्सच्या तीन आठवडे आधी नाही, टेबल बनवतानाच करावं.