चार बोटं वाळू

आमच्या सासूबाई, कृष्णवेणी, सहजासहजी ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत. तंजावुरी मराठी घरातली बाई, चेन्नईतल्या एका माती-तपासणी प्रयोगशाळेत तीस वर्षं घासलेली. मी पुण्याची, लग्नानंतरचं पहिलं वर्ष तर त्यांना घाबरण्यातच गेलं.

तिरुवान्मियूरला आमची चार बिऱ्हाडांची इमारत. समुद्र जवळ, म्हणून विहीर खारट. पावसाचं पाणी जिरवायला फाटकाशी वाळू-खडीचा खड्डा केला, तेव्हा वर्षभर पाणी गोड लागलं. मग खड्डा तुंबला आणि विहीर पुन्हा खारट झाली. सेक्रेटरी चंद्रमौळी म्हणाले, विहीर बुजवू, मातीच्या दोन गाड्या लागतील. रविवारी मीटिंग ठरली.

सासूबाईंचं पित्त खवळलं. "या चंद्रमौळींनीच रद्दी वाळू आणली," असं त्या जिन्यात चारचौघांदेखत बोलल्या.

मग त्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या कापल्या, खड्ड्यातली वाळू थराथरानं काढून त्यांत भरली, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि घड्याळ घेऊन बसल्या. खालच्या वाळूतून पाणी दोन मिनिटांत उतरलं. वरच्या चार बोटं वाळूवर अर्धा तास साचून राहिलं. ती वाळू वाळवून त्यांनी चोळली, तर बोटं पांढरी झाली.

ती रांगोळीची दगडी पूड होती. रोज पहाटे सडा घालून कालची रांगोळी धुवायची, नवी काढायची, आणि ते पाणी थेट खड्ड्यात. फाटकाची रांगोळी सासूबाईंचीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ.

"वाळूत पोकळ्या पुष्कळ आहेत गं," त्या म्हणाल्या. "पण एकीतून दुसरीत जायची वाट अगदी अरुंद. पूड नेमकी तिथं बसली."

"मग गुपचूप वाळू बदलू. सांगायचं कशाला?" मी शहाणपणा केला.

"सरि, बदलू. आणि बाकीच्या तीन दारांतली पूड कोण थांबवणार?"

रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर बाटल्या मांडल्या. वाळू चांगलीच होती, खड्डा माझ्या रांगोळीनं तुंबला, चंद्रमौळींवर मी नाहक आळ घेतला, असं सरळ सांगितलं. मला माझीच लाज वाटली.

"पण पाणी गोड होईल कशावरून?" चंद्रमौळींनी विचारलं.

"लगेच नाही होणार. जमिनीत कानाकोपऱ्यांत शिरलेलं मीठ एका पावसानं निघत नाही. पोंगलपर्यंत थांबा. नाही झालं, तर विहिरीत मातीचं पहिलं घमेलं मी टाकेन."

ती चार बोटं वाळू त्यांनी सत्तराव्या वर्षी स्वतः उपसली. रांगोळी मुंग्या-चिमण्या टिपतील अशी तांदळाच्या पिठाची झाली, आणि सड्याआधी चारही दारांत कोरडा झाडू फिरू लागला. पुढच्या पावसात खड्डा तासाभरात रिकामा झाला. विहीर मात्र खारटच. दिवाळी गेली, तरी खारट. त्या रोज घोटभर चाखायच्या, थुंकायच्या आणि आत यायच्या. माझा जीव टांगणीला लागला होता.

पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, सकाळी त्यांनी कळशी भरली आणि ती थेट चंद्रमौळींच्या दारात नेली. चंद्रमौळी ओंजळभर पाणी प्यायले. मग त्यांनीच कळशी आत नेली आणि आपल्या घरच्या पोंगलच्या गोड भाताच्या भांड्यात ओतली.