मापांची बदली

अलिबागजवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी कॉलेजकडून शिकायला जातो, तिथे ड्रॉइंग काढणाऱ्या एक मॅडम आहेत. त्या स्क्रीनवरच्या ड्रॉइंगशी बोलतात. "गप बस", "सरळ हो". माझ्याशीही त्याच आवाजात बोलतात, म्हणून काही विचारताना मी अडखळतो.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तिच्यात बोटींचा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची जुनी ड्रॉइंग उघडली, तर टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल तो आकडा, सगळीकडे ढोबळ झालेला. त्या मापाने कापलेला शाफ्ट बेअरिंगमध्ये एकतर गेलाच नसता, नाहीतर सैल बसला असता.

वर्कशॉपचे मालक, शेठ, म्हणाले, "राहू दे, जुन्यावरच चालवू."

"न्हाय शेठ. जुनं बंद पडलं की काय कराल?" मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी टॉलरन्सचे जुने नियम एकेक करून नव्या आवृत्तीत बसवले आणि त्या ड्रॉइंगवरून एक शाफ्ट कापून घेतला. तो बसवायला फिटरकाका हातोडी घेऊन आले.

"ती ठेवा, काका. हातोडी लागली तर मी हरले."

काकांनी शाफ्ट हातानेच ढकलला. तो सावकाश, कुठेही न अडता, पार आत गेला. मी नकळत टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

मॅडम वळल्या. "शेठ, जुनं सॉफ्टवेअर आजच काढून टाका."