उसनी डबी

आमच्या भाऊजींना सगळे कानसेन म्हणतात, मी सोडून. मी त्यांची थोरली वहिनी, मला तोंडावर बोलायचा अधिकार आहे, टोपणनावाची गरज पडत नाही.

कानसेन म्हणायचं कारण त्यांचा पेचकस. हातभर लांब, लाकडी मुठीचा, आणि मूठ कानाला टेकवून टेकवून गुळगुळीत झालेली. चालू इंजिनाला पेचकसाचं टोक लावायचं, मूठ उजव्या कानाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. डावा कान तरुणपणीच मळणीयंत्राच्या आवाजानं गेला. तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचं. मीसुद्धा बसते, आणि मी गप्प बसणं ही काय चीज आहे ते आमच्या घरी येऊन विचारा. मग डोळे उघडून सांगायचे, "बेअरिंग रडतंय." नाहीतर, "पट्टा सैल झालाय, उगीच घाबरवतंय." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं तर स्वतःच हसायचे आणि पुन्हा उघडायला बसायचे.

लग्न त्यांनी केलं नाही. मी दोन-चार स्थळं आणली होती, पण मुलगी बघायला जायच्या दिवशी नेमकं कुणाचं तरी इंजिन बंद पडायचं. पुढे मी नाद सोडला. त्यांची खोली म्हणजे शेडचाच कोपरा. एक खाट, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने आणि पत्र्याच्या डब्यांत जुने नट, वायसर, स्प्रिंगा. सायकलची फाटकी ट्यूबसुद्धा गुंडाळून ठेवलेली. "कशाला हा उकिरडा?" म्हटलं की म्हणायचे, "वहिनी, आज टाकलेली वस्तू उद्या लागते." आणि मेली खरंच लागायची.

साखर उसनी मागावी तसे आमच्याकडे यंत्रांचे भाग उसने मागायची रीत होती. तुझा पंप बंद पडला, माझा आज रिकामा आहे, तर माझा भाग काढ आणि लाव. काम झालं की परत आणून दे. परत करताना भाग पुसून, ग्रीस लावून द्यायचा, एवढंच पथ्य. हे सगळं देणंघेणं भाऊजींच्या हातून व्हायचं. कुणाचं काय कुठे बसलंय, ते त्यांच्या डोक्यात असायचं.

आमच्या बांधाला बांध लागून मास्तरांचं रान. मास्तर म्हणजे जन्मभर शाळेत शिकवून, निवृत्त झाल्यावर शेतीला लागलेले. एकटेच. संध्याकाळी आमच्या पायरीवर चहाला येणार, चहा फुळकवणी झालाय म्हणणार आणि दुसरा कप मागणार. जुनी यंत्रं थकली तेव्हा त्यांनी आणि आम्ही हार्वेस्टर बरोबरच घेतले. मास्तर दुसऱ्या कंपनीचा बघून आले होते. भाऊजींनी त्यांना वळवलं. "एकाच जातीचे घेऊ, मास्तर. अडीअडचणीला ह्याचं त्याला लागेल." भाऊजींच्या शब्दाखातर मास्तरांनी तोच घेतला. त्या वेळी आम्हाला सगळ्यांनाच ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्याला आमचं अर्धं रान कापून झालं आणि यंत्र उभं राहिलं. उंदरानं वायर कुरतडली होती. भाऊजींनी वायर जोडली, पण तेवढ्यात आतली एक काळी डबी जळून गेली होती. मुठीएवढी डबी, पण तीच यंत्राला सांगणार की पाती किती उचल आणि किती खाली घे. तिच्यावाचून सगळं अडलं.

त्यातच कोरडा वारा सुटला. पिकलेल्या गव्हाला असा वारा म्हणजे काळ. ओंबी उकलते, दाणा खाली झडतो, आणि झडलेला दाणा मुंग्यांचा. हातानं कापा म्हणाल, तर विळे कधीच गंजले आणि ते धरणारी माणसं शहरात गेली. भाड्याची यंत्रं त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या रानात गुंतलेली. मी कंपनीला फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. मग तिनं गाणं लावलं. ते गाणं मला पाठ झालं, माणूस काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतःच बांध ओलांडून आले. हातात रुमालात बांधलेली डबी. त्यांच्या यंत्रातून काढून आणलेली.

"माझा गहू तुमच्यामागून पेरलेला आहे," ते म्हणाले. "थोडा दम धरेल. आधी तुमचं आटपा."

भाऊजींनी डबी बसवली. चावी फिरवली. पडद्यावर अक्षरं आली, आणि डोळे बारीक करून आम्ही सगळ्यांनी ती वाचली. नवीन भाग आढळला आहे. हा भाग याच यंत्राचा आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

"दाब हो आणि लाग कामाला," आमचे हे म्हणाले.

"असं कसं, दादा? मास्तरांची आहे ती. आपली कशी म्हणू?" भाऊजी म्हणाले आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही तेच दाबलं असतं. उसन्या भांड्याला कुणी आपलं म्हणतं का? मास्तरांनीही मान डोलावली.

पडदा लाल झाला. यंत्र बंद करण्यात आले आहे, अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. भाऊजींनी पुन्हा चावी फिरवली, पुन्हा तेच. डबी काढली, पुसली, रुमालात बांधून मास्तरांच्या यंत्रात नेऊन बसवली. तिथेही लाल. आता दोन्ही यंत्रं बंद आणि दोन्ही रानं उभी. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

"चला," मास्तर हसून म्हणाले, "आता दोघं मिळून गाणं ऐकू."

आम्ही हसलो. भाऊजी हसले नाहीत.

मग वाट बघणं आलं. इंजिन ठणठणीत, पाती ठणठणीत, टाकीत तेल भरलेलं. यंत्राला काहीच झालेलं नव्हतं, फक्त चालायची परवानगी नव्हती. भाऊजी सकाळी बांधावर जाऊन बसायचे ते जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. एकदा मी डबा घेऊन गेले, तर मला म्हणाले, "वहिनी, ऐका."

मला वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

"दाणा झडतोय," ते म्हणाले. "मास्तरांच्या बाजूला. वारा आधी तिकडेच लागतो."

आम्ही यंत्र घेतलं, रान आमचं, घाम आमचा, आणि कुलूप मात्र कंपनीचं. मी तिथे उभ्या उभ्या कंपनीला अशा शिव्या दिल्या की बांधावरची पाखरं उडाली. भाऊजींनी जेवण मात्र तसंच परत पाठवलं.

कंपनीचा माणूस आला तोवर आमच्याही रानात दाणा उतरला होता. लग्नाला बोलावलं तर बारशाला येणारी ही माणसं. कोवळाच होता, डोळे तांबारलेले, आदल्या रात्री कुठल्या तरी दुसऱ्या रानातून निघालेला. त्याला झाडायचं म्हणून मी भाषण तयार ठेवलं होतं. त्याचं तोंड बघून चहा दिला.

त्यानं लॅपटॉपची वायर आमच्या यंत्राला लावली, नवी डबी बसवली, वरून परवानगी मागितली, आणि ती येईपर्यंत आम्ही सगळे त्या लॅपटॉपकडे बघत बसलो. आली. यंत्र सुरू झालं. मग तो मास्तरांच्या यंत्राकडे गेला, वायर लावली, काढली, पुन्हा लावली.

"ही डबी आता चालायची नाही," शेवटी म्हणाला. "दुसरी मागवावी लागेल. वेळ लागेल."

"का? ती जळलेली नाही," भाऊजी म्हणाले. "चांगली आहे ती. मी बघितलीय."

"चांगलीच आहे, काका. पण तुम्ही 'नाही' दाबलंत. दुसऱ्या यंत्राचा भाग आहे म्हटलं की कंपनी तो चोरीचा माल धरते. चोरीला आळा बसावा म्हणून केलंय तसं. आता कंपनीच्या दप्तरी ही डबी चोरीची आहे. मला नाही काढता येत ते नाव."

"आणि हो दाबलं असतं तर?" मी विचारलं.

"तर ती कायमची तुमच्या यंत्राची झाली असती. मास्तरांना परत देता आली नसती."

म्हणजे खोटं बोललं तर खरोखरची चोरी, आणि खरं बोललं तर नुसता आळ. हा न्याय कुणी बसून काढला असेल, त्याला एकदा माझ्यासमोर बसवा.

वायर गुंडाळताना तो पोरगा हळूच म्हणाला, "माझ्या वडिलांकडे हेच मशीन आहे, मावशी. मी घरी गेलो तरी त्याला हात लावू शकत नाही. तिथलं केंद्र दुसरं." मग पुढच्या रानाकडे गेला.

आमचे हे यंत्रावर चढणार, इतक्यात भाऊजी चढून बसले आणि त्यांनी ते सरळ मास्तरांच्या रानात घातलं. मी बांधावरून ओरडले, "अहो भाऊजी, आपलं अर्धं उभं आहे!" त्यांचा बहिरा कान माझ्याकडे होता. निदान मी तसं धरून चालले. पण माझ्या मनात राग होता, ते कशाला लपवू? आमच्या दाण्याला काय वारा लागत नव्हता?

मास्तरांचं रान कापून झालं. निम्म्याहून जास्त दाणा जमिनीवरच राहिला. मास्तर पोती शिवायला बसले. भाऊजी म्हणाले, "मास्तर, यापुढे माझ्या हातात काही देऊ नका." मास्तरांनी मान हलवली. काय समजून हलवली, कोण जाणे.

तेव्हापासून आमच्याकडची उसनवारी संपली. नव्या यंत्राचा भाग कोण काढून देणार? आणि जुन्यांचंही लोक आपलं आपण बघू लागले. कुणी आलंच तर भाऊजी शेडमधूनच सांगायचे, "कंपनीला फोन करा." अहो, साधी सायकल घेऊन आलेल्या माणसालाही सांगितलं. ज्याचं यंत्र त्याला ते उघडायचा हक्क हवा, असा कायदा करा म्हणून काहीजण सह्या गोळा करत आले. मी केली, ह्यांनी केली. भाऊजींनी कागद नीट वाचला आणि परत दिला. "माझी सही कशाला? त्यांच्या दप्तरी मी चोर आहे." मी चिडले, "ते डबीबद्दल लिहिलंय, तुमच्याबद्दल नाही," म्हणाले. तर म्हणे, "डबी काय चालत गेली होती?"

पेचकस खिळ्याला टांगलेला. मूठ धुळीनं मळली.

मास्तर चहाला येत राहिले. भाऊजी त्या वेळी नेमके शेडमध्ये असायचे.

परवा सकाळी मास्तरांचा पंप चालू झाला. जुना पंप, डबीबिबीच्या जमान्याआधीचा. मी कपडे वाळत घालत होते. भाऊजी दात घासता घासता थांबले.

"हवा ओढतोय," ते म्हणाले. "नळाच्या जोडातलं वायसर गेलंय."

"मग जा ना."

"बोलावलं नाही, वहिनी."

दुपारपर्यंत पंप तसाच कोरडा घरघरत होता. मध्ये बंद व्हायचा, पुन्हा चालू व्हायचा. भाऊजी शेडमध्ये बसून प्रत्येक वेळी मान वर करत होते. मला ते बघवेना. मी तरातरा बांध ओलांडून गेले. मास्तर घामाघूम होऊन पंपाशी बसलेले, हातात चुकीचा पाना.

"काय हो मास्तर, आमच्या माणसाला हाक मारायला तुमची जीभ झिजते?"

"ते म्हणाले होते ना, हातात काही देऊ नका म्हणून," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, माझी कटकट झाली त्यांना."

मी कपाळावर हात मारला. एक बोलावत नाही म्हणून जात नाही, दुसरा येणार नाही म्हणून बोलावत नाही. शिकलेले दोघंही, एक शाळेत, एक शेडमध्ये, आणि अक्कल मात्र दोघांनी उसनी दिलेली.

भाऊजींना मी हाताला धरून आणलं म्हटलं तरी चालेल. येताना त्यांनी पेचकस मात्र घेतला. टोक पंपाला लावलं, मूठ कानाला. आम्ही गप्प. मग त्यांनी जोड सोडवला, आतलं रबर काढलं. चिरलेलं होतं. खिशातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढला, चाकूनं गोल कापला, मधोमध भोक पाडलं आणि बसवला. म्हणजे शेडमधून निघतानाच तुकडा खिशात घातला होता माणसानं! पंप दोन-तीनदा खोकला आणि पाणी आलं.

भाऊजी हात पुसत राहिले. केव्हाच कोरडे झालेले हात पुसत राहिले. मग पाण्याकडे बघतच म्हणाले, "मास्तर, त्या डबीचं... तुमच्या मनात कधी काही आलं का?"

मास्तरांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं.

"अरे, मी माझ्या हातानं रुमालात बांधून आणली होती ती," ते म्हणाले. "ज्याची वस्तू तो तिथेच उभा होता, तुझ्या शेजारी. त्या पडद्यानं तुला विचारलं. मला कुणी विचारलंच नाही."