हातानं फोकस करणारे मामू

मामूंना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. साखरखेर्ड्यातल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत तीन खुर्च्या होत्या, त्या गिऱ्हाइकांसाठी. चहासुद्धा उभ्यानं आणि तोही अर्धाच. "उजेड काय आपल्यासाठी थांबते का मास्तर?" हे कायम तोंडात. मी शाळेतला मास्तर. सुटीच्या दिवशी त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून हिंडायचो.

कॅमेरा नवा, आपोआप फोकस करणारा. पण मामूंनी ते बटण बंदच ठेवलेलं. "नवरीच्या डोळ्यात पाणी कवा येते, हे मशीनले काय समजते?" असं म्हणत भिंग स्वतःच्या बोटांनी फिरवायचे. गावातली निम्मी लग्नं त्या बोटांनीच टिपली होती.

मग डोळ्यांनीच दगा दिला. ऑपरेशन झालं, तरी धूसर दिसायचं. अशात शेजारच्या गावातल्या लग्नाचं बोलावणं आलं. मामू म्हणाले, "लोणारले जाऊन पाहू. फोटो साफ आले तं लग्न घेतो, नाही तं कॅमेरा ठेवून देतो."

त्या दिवशी माणूस नुसता भिरभिरत होता. कपाशीच्या शेतात थांब, मेंढरांमागं धाव, सरोवराच्या काठाशी उतरून बगळे टिप, की लगेच पुन्हा वर! माझा जीव मेटाकुटीला आला. "अहो मामू, जरा दम घ्या की!"

"घरी गेल्यावर घेऊ," म्हणत ते पुढं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यांनी कॅमेरा माझ्यापुढं धरला. "पाहा बरं. खरं सांगा." मी एकेक फोटो पाहिला. बगळे धुरकट, मेंढपाळाचा चेहरा पुसल्यासारखा. मामू या पायावरून त्या पायावर होत उभे. खरं सांगायला जीभच उचलेना.

"एक नंबर आलेत," मी म्हणालो.

आणि काय सांगू, हा माणूस चक्क दगडावर बसला! लहान मुलासारखा हसला. मलाही तेव्हा आपण फार पुण्याचं काम केलं असं वाटलं. मूर्ख कुठला!

मामूंनी ते लग्न घेतलं. पुढं मुलीच्या बापानं फोटोंचं पाकीट भर बाजारात त्यांच्यापुढं टाकलं. एकाही फोटोत मुलीचा चेहरा धड नव्हता. आता लग्न काही पुन्हा लागणार नव्हतं.

कळताच मी स्टुडिओत धावलो. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेलो होतो. मामू कॅमेरा फडक्यात गुंडाळत होते. मला पाहून थांबले, पण आवाज चढवला नाही.

"मास्तर, डोळे माझे गेले होते. तुमचे तं शाबूत होते ना?"