पाहुण्याचं ताक

माझा नवरा कापसाचा व्यापारी. सिंदीत रेल्वे फाटकाच्या अलीकडे आमचं दुकान आहे. भाव पडला, गाडी अडकली, अवकाळीनं माल भिजला, तरी हा माणूस ढाराढूर झोपतो. पण सुई म्हटली की याचं अवसान गळतं. पोराला लस टोचायची असायची तेव्हा आत मी पोराला धरून बसायची आणि हे बाहेर रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे.

म्हणून मागच्या दिवाळीनंतर वर्ध्याच्या डॉक्टरांनी यांच्या शुगरचा रिपोर्ट पाहून “गोळ्यांनी भागत नाहीये, आता इन्सुलिनचा विचार करावा लागेल,” असं म्हटलं, तेव्हा यांनी टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चार लोकांत यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. मला हसूही आलं आणि दयाही आली. मीच मग डॉक्टरांना म्हटलं, थोडा वेळ द्या.

डॉक्टर भला माणूस. दिवसभर पोटात काय काय जातं ते त्यांनी विचारलं. मी ताठ मानेनं सांगितलं, जवारीची भाकर, वरण, पालेभाजी, गोड घरात बंद. “आणि चहा?” मी यांच्याकडे पाहिलं, हे छताकडे. सीझनमध्ये आमच्या दुकानात माल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला चहा सांगतात, आणि पाहुण्याला एकट्याला चहा पाजायची रीत नाही, मालकानं सोबत घ्यावाच लागतो. गाड्यांची रांग लागली की चहाचीही रांग. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“तो बंद. त्याच्या जागी ताक घ्या. साधं, साखर न घालता.”

“ताकानं शुगर उतरते का?” मी विचारलं.

“ताक औषध नाही, ताई. गोळ्या चालूच राहतील, चालणंही. विरजणानं दुधातली साखर थोडी कमी होते, पोटाला सोसतं, भूक दबते, हे खरं. पण मोठा फायदा म्हणजे एवढे चहा पोटात जाणार नाहीत. तीन महिन्यांनी तपासू आणि मग सुईचं ठरवू.”

ताक म्हणजे माझा प्रांत. मी माहेरची रोहणा गावची. घरी गवळाऊ जातीच्या गाई होत्या आणि लग्न होऊन आले तेव्हा मी विरजणाची वाटी फडक्यानं बांधून बसमध्ये मांडीवर धरून आणली होती. सासरची मंडळी हसली होती. पण त्याच विरजणाचं दही आजतागायत आमच्याकडे लागतं. थंडीत ते लवकर लागत नाही म्हणून मी पातेलं गव्हाच्या कोठीत खुपसून ठेवते. दही अदमुरं राहिलं तर ताक पांचट होतं, जास्त आंबलं तर पिणारा एक डोळा मिटतो. या दोहोंच्या मधलं ताक मला जमतं, आणि ते मी सांगणार, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

दुसऱ्याच दिवसापासून मी दुकानात दोन कॅन पाठवायला लागले. लहान कॅन यांचा, त्यात नुसतं ताक, जिरं आणि चिमूटभर काळं मीठ. मोठा कॅन माल घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचा, त्यात साखर. आमच्या घरात पाहुण्याला बिनसाखरेचं ताक देत नाहीत. खारं ताक घरच्या माणसांचं. पाहुण्याच्या पेल्यात साखर पडली नाही तर घर चिक्कू दिसतं, असं मला सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. यांना मी चार वेळा बजावलं, लहान तुमचा, मोठा लोकांचा. यांनी मान डोलावली. संध्याकाळी दोन्ही कॅन रिकामे परत यायचे. लहान कॅन धुताना मला इतकं समाधान वाटायचं की मी गुणगुणायची.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. शुगर उतरली नव्हती, उलट थोडी चढली होती. डॉक्टर म्हणाले, “अजून एकदा बघू. त्यानंतर मात्र मी ऐकणार नाही.” परतीच्या बसमध्ये हे खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मी मनातल्या मनात सगळ्या हलवायांना शिव्या घालत राहिले. माझा पहिला संशय जिलेबीवर होता.

दुसऱ्या दिवशी मी ताक पाठवलं नाही, स्वतःच घेऊन गेले आणि वजनकाट्याच्या मागे खुर्ची टाकून बसले. यांना वाटलं बायकोला दुकानाचं कौतुक आलं. थोड्या वेळानं जाम गावाकडचा एक शेतकरी आला. यांनी मोठा कॅन उचलला, एक पेला त्याला भरला आणि त्याच कॅनमधून दुसरा पेला स्वतःला. दोघं पीत गप्पा मारू लागले. मग दुसरा आला, पुन्हा तेच. दुपारी हमाल पोती टाकून सावलीत टेकले तेव्हा यांनी लहान कॅन सरळ त्यांच्यापुढे सरकवला. ते मजेत प्याले. माझं सगळं पथ्य पोती उचलणाऱ्या धडधाकट माणसांच्या पोटात जात होतं आणि साखर माझ्या नवऱ्याच्या.

मी तिथे तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर उघडलं.

“लहान कॅन तुमचा होता ना?”

“मंग पाहुण्यासमोर येगळ्या भांड्यातलं पेऊ का मी?” हे माझ्यावरच उखडले. “सौद्याले बसलेला माणूस. त्याले एका कॅनातलं, मले दुसऱ्या कॅनातलं. त्याले काय वाटन? चांगलं सोताले ठेवून मले उरलेलं पाजून राह्यला, असंच वाटन ना?”

“आणि सुई टोचल्यावर काय वाटेल?”

यावर हे ताटातली भाकर कुस्करत राहिले. खरं सांगते, माझा राग तिथेच अर्धा उतरला. हा माणूस चोरून काही खात नव्हता. लोकांचा मान राखता राखता स्वतःला सुईच्या तोंडी देत होता. आणि त्या मानाची साखर तर मीच घालत होते.

मी ठरवलं, उद्यापासून एकच कॅन. सगळ्यांना बिनसाखरेचं. हे म्हणाले, “लोक काय म्हणतीन?” मी म्हटलं, लोक काय म्हणतात ते ऐकायला मी स्वतः बसते. म्हटलं खरं, पण सकाळी ताक करताना सवयीनं हात साखरेच्या डब्याकडे गेलाच, आणि सासूबाईंच्या फोटोकडे मी काही वर बघितलं नाही.

पहिला तोच जामकडचा शेतकरी आला. यांचा जुना स्नेही; माल नसला तरी येऊन बसणारा. यांनी दोन पेले भरले. त्यानं एक घोट घेतला, थांबला, पेल्यात पाहिलं.

“वहिनी, साखर सरली काय घरची?”

यांची मान खाली. मी म्हटलं, “सरली नाही, बंद केली. यांना शुगर आहे. आता या दुकानात कोणालाच साखरेचं ताक मिळणार नाही. राग आला तर माझ्यावर काढा.”

तो इतका मोठ्यानं हसला की बाहेरचे हमाल डोकावले. “अवो, मले केव्हाची शुगर हाय! पण तुमच्या घरचं ताक नाई कसं म्हनू? भाऊ सोता पेऊन राह्यले, मंग मी काऊन नाई पेऊ? मुकाट्यानं पेत होतो अन घरी जाऊन बायकोच्या शिव्या खात होतो.”

यांनी त्याच्याकडे पाहिलं. “मी तं तू पेतो म्हनून पेत होतो, लेका!”

दोन मोठी माणसं, एकमेकांचा मान राखत, महिनोन् महिने समोरासमोर बसून साखर पीत होती. मला हसावं की दोघांना उभं करून झापावं ते कळेना. मी दोन्ही केलं.

त्यानंतर कापूस सरला, तूर आणि चणा आला, ऊन तापलं. ताकाचे दोन कॅन लागू लागले, दोन्ही सारखेच. एकदोघांनी तोंड वाकडं केलं, एकानं “शेठ, मंदी आली का?” असं विचारून घेतलं. बाकीचे पीत राहिले. यांनी गोळ्या चुकवल्या नाहीत आणि सकाळी यांच्या चालायच्या वेळी तो स्नेही मोटारसायकलवरून यायला लागला, इथे गाडी लावून यांच्यासोबत चालायला. कोणाला आधी दम लागतो यावर दोघांची रोज भांडणं.

उन्हाळ्यात वर्ध्याला दोघं एकाच दिवशी तपासायला गेले, मीही सोबत होते. दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. मला खालीवर न्याहाळून म्हणाली, “माह्या मालकाले साखरेचं ताक पाजनारी तुम्हीच काय?”

“मीच,” मी म्हटलं. “आता नाही पाजत.”

“मालूम हाय. पन किती शिव्या देल्ल्या मी तुमाले, माहीत हाय का?” असं म्हणून तिनं पिशवीतली संत्री काढून माझ्या मांडीवर ठेवली. आम्ही दोघी सोलत बसलो, पण दोघींचंही लक्ष दाराकडे होतं. आत यांचा नंबर लागला होता आणि दार बराच वेळ उघडत नव्हतं.

मग हे बाहेर आले. रिपोर्ट दाखवला नाही, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं नाही. माझ्यासमोर उभे राहिले, लहान पोरासारखे ओठ दाबून, आणि हळूच म्हणाले, “सुई नाई.”

मला काहीतरी छान बोलायचं होतं. तोंडातून निघालं, “गोळ्या तेवढ्या विसरू नका.” आणि मी तोंड फिरवलं, कारण परक्या बाईसमोर रडायचं नव्हतं. पाहते तर ती पदरानं डोळे पुसत होती, आणि तिचा नवरा तर अजून आत जायचा होता. मी तिचा हात धरला.