बिनकुलपाची पेटी

एकाहत्तरच्या लढाईआधी मी नगरच्या लष्करी दवाखान्यात औषधांच्या कोठीवर होतो. शत्रूनं विषारी वायू सोडला तर जखमींसाठी काय साठा ठेवायचा, हे ठरवायला एकदा बैठक बसली. एक नर्स मला तिथं दिसली, तेवढीच. नाव विचारायचं राहूनच गेलं. उंच, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. बोलता बोलता समोरची इंजेक्शनची डबी बोटानं पुढं ढकलत राहायची.

"आसपासच्या गावांसाठीही औषधांची एक पेटी ठेवा," ती म्हणाली.

"सिस्टर, आपण जवानांचं बघू," मेजरसाहेब म्हणाले. "गावकऱ्यांना दारं-खिडक्या लावून घरात बसायला सांगू."

ती ताडकन उठली. आवाज चढला तशी गावाकडची बोली बाहेर आली.

"माझं माहेर शिंगणापूर हाय, साहेब. आमच्यात घराला दारच नसतं. माझ्या आयनं काय लावायचं? आन् वारं काय वर्दी बघून वाहतंय व्हय?"

डबी साहेबांच्या पुढ्यात जाऊन थांबली. पेटी मंजूर झाली. निघताना ती मला म्हणाली, "तिला कुलूप घालू नका. किल्लीवाला सापडंस्तवर मानूस जातंय."

नियम कुलपाचा होता. साहेबांनी कुलूप पाठवलंही. मी ते घेतलं आणि सरळ घरी नेलं. वायू काही आला नाही, पेटीतलंही काही गेलं नाही. कुलूप अजून माझ्याकडेच आहे. कुणी मागायला आलंच तर सांगेन, आधी शिंगणापूरला दारं बसवून या.