कंपुटरचा पायजमा

उमेंद्र पटले कुणालाच नाही म्हणू शकत नाही, हा त्याचा आजारच आहे. गोंदियाजवळ कुडव्याला माझं शिलाईचं दुकान आणि त्याचं लग्नाच्या शूटिंगचं, मध्ये एकच भिंत. त्यामुळे या आजाराचे झटके मला बाराही महिने ऐकू येतात. "हो भाऊ, होऊन जाईल." झालं! मग हा राबणार, आणि शेवटी मला मशीनवरून उठवणार.

२००६ च्या मे महिन्यात सुकरामभाऊ आले. त्यांच्या मुलीचं, योगेश्वरीचं लग्न एप्रिलमध्ये झालं होतं आणि शूटिंग उमेंद्रचंच होतं. सुकरामभाऊंची आई, अनुसयाबाई, त्या लग्नाला नव्हती. अर्जुनी मोरगावला अंगणात पडून तिचा पाय मोडला होता. नात बोहल्यावर उभी राहिली तेव्हा आजी प्लास्टर घालून खाटेवर पडलेली. जावई फौजेत. आता शुक्रवारच्या गाडीनं योगेश्वरी त्याच्यासोबत आसामला निघणार होती.

"माय गुरुवारी येऊन राहिली," सुकरामभाऊ म्हणाले. "नातीच्या बाजूले बसून लगन पाहीन म्हणते. मंग दोघी कधी भेटतीन, काही भरोसा नाही. गुरुवारी सीडी पाहिजेच बाप्पा."

"हो भाऊ, होऊन जाईल."

आता खरी गोष्ट अशी की उमेंद्रचा कंपुटर तेव्हा अर्ध्या तासाच्या वर चालतच नव्हता. बाहेर सेहेचाळीस डिग्री, वर टिनाचं छत. सगळी फिल्म जोडून तयार व्हायला सलग चार तास लागत, आणि लोडशेडिंगमुळे आमच्याकडे लाइन राहायची अकरा ते पाच, म्हणजे ऐन उन्हाच्या वेळेला. कंपुटर तापायचा, पंखा रडल्यासारखा ओरडायचा आणि फटकन बंद. पुन्हा पहिल्यापासून.

सोमवारी उमेंद्रनं गोंदियाच्या भंगारवाल्याकडून खिडकीत बसवायचा जुना एसी आणला आणि भिंतीत बसवला. पण त्याच्या दुकानाला समोरून दारच नाही, नुसतं शटर. सगळी थंडी रस्त्यावर! दोन कुत्री तेवढी येऊन पायरीवर झोपली.

"नंदूभाऊ," तो माझ्याकडे आला, "एक पाय शिवून दे."

"कोणाचा पाय बे?"

"पायजम्याचा. एक टोक एसीच्या तोंडाले, एक कंपुटरच्या पोटाले. थंडी बाहेर नाही गेली पाहिजे."

मी डोक्याला हात लावला, पण शिवला. शाळेच्या बॅगांचं रेग्झिन उरलं होतं, त्याचा चार हात लांब पाय केला आणि दोन्ही टोकांना नाडे घातले. माणसाचं माप घेत आयुष्य गेलं, पण डब्याचं माप मी पहिल्यांदाच घेतलं. उमेंद्रनं कंपुटरचा एका बाजूचा पत्रा काढून तिथं भोक पाडलेलं प्लायवुड ठोकलं, नाडे आवळले आणि बटण दाबलं. पायजमा टम्म फुगला. मंगळवारी कंपुटर दोन तास चालला. उमेंद्र मला मिठीच मारायला आला, मी कैची पुढे धरली.

माणसांसाठी अर्थातच कूलर होता. आमच्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय दुकान म्हणजे चेष्टा. त्यानं तो पाण्यानं काठोकाठ भरला आणि जोरात लावला, तोंड आमच्याकडे, म्हणजे कंपुटरकडेही. म्हणे तेवढीच जादा थंडी. थोड्या वेळानं डब्याच्या पत्र्यावर थेंब दिसले. मग ओघळ. मग आत चर्र झालं आणि पडदा काळा.

उमेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. बुधवारी सकाळी तो घरच्या ओसरीत कंपुटर खोलून बसला. खाटेवर एकीकडे त्याच्या आईच्या कुरड्या, दुसरीकडे कंपुटरची आतडी, दोन्ही वाळत. त्याची आई चंद्रावतीकाकू कुरड्या उलटवता उलटवता म्हणाली, "काऊन रे, रडून राहिला का?"

त्यानं सगळं सांगितलं.

"हे समजाले कायचा कंपुटर लागते?" काकू म्हणाली. "उकडलेला धान गरम गरम पोत्यात भरला तं पोत्याले आतून घाम येते, मंग बुरशी. वाफ आन् थंडी एका जागी आली का घाम येतेच. तो तुह्या कूलर दिवसभर ओली हवा फेकते. बंद कर त्याले."

"मंग आमी?"

"तुमी तपा!"

वाळलेली आतडी जागच्या जागी बसली, कंपुटर पुन्हा सुरू झाला, आणि गुरुवारी आम्ही तपलो. कूलर बंद, शटर अर्धं खाली, उमेंद्र बनियनवर आणि मी लग्नपत्रिकेनं वारा घेत. कंपुटर मात्र पायजम्यात आरामात. खरं सांगतो, त्या डब्याचा मला राग आला. पण तीन वाजता फिल्म पूर्ण झाली आणि सीडी निघाली. उमेंद्रच्या डोळ्यांत पाणी आलं. घाम आहे म्हणाला.

तेवढ्यात ऑटो थांबला. अनुसयाबाईला घरी वाट पाहत दम धरवला नव्हता. काठी टेकत, योगेश्वरीचा हात धरून ती आत आली. "येथंच दाखव," म्हणाली.

उमेंद्रनं नाही म्हटलं नाही. हळद झाली, वरात आली, अक्षता पडल्या. पडद्यावर योगेश्वरीच्या कपाळावर घाम चमकत होता. आजीनं पदर घेतला आणि काचेवरून तो घाम पुसला.

"आजी, मी येथं आहो," योगेश्वरी म्हणाली. तिचाही चेहरा घामानं निथळत होता. मग आजीनं तोही पुसला. म्हातारी स्वतः मात्र तोंड उघडं टाकून धापा टाकत होती.

उमेंद्रनं ते पाहिलं. उठला, कंपुटरकडचा नाडा सोडला आणि पायजम्याचं तोंड आजीकडे वळवलं. तिचे पांढरे केस भुरभुर उडाले. "हाय रे बाप्पा!" म्हणून ती हसली.

व्हायचं तेच झालं. फिल्ममध्ये नवरीच्या बिदाईचा सनई-चौघडा सुरू झाला आणि कंपुटर फटकन बंद पडला.

"पाच मिनिटं, आजी," उमेंद्र खजील होऊन म्हणाला. "थंडा झाला का लावून देतो."

"राहू दे रे पोरा." तिनं योगेश्वरीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "बिदाई मी उद्या टेशनावर पाहीन. थे तं चुकली नाही माही."